थांबला तो उपाशी

कमरेला पानांचा घागरा, डोक्यावर पांढरी टोपी, पोट जरा सुटलेलं. असा एक गडी माडांच्या बेटावर उजवीकडे पळत सुटतो. वाटेत अंडी पडलेली असतात. अंडं फुटलं की कधी दगडी कुऱ्हाड निघते, कधी स्केटबोर्ड. आणि कधी निघतं वांगं. हे वांगं त्याच्या मानगुटीवर बसतं आणि अंगातली शक्ती भराभर पिऊन टाकतं. जळगावच्या वांग्याचं भरीत ज्यांनी खाल्लंय त्यांना हा अन्याय वाटेल, पण १९८६ साली जपानी व्हिडिओ गेममध्ये वांग्याचं ग्रहमान काही बरं नव्हतं. त्याच वर्षी आलेल्या 'किड इकारस'मध्ये तर एक जादूगार नायकाचंच वांगं करून टाकतो.

घागरावाल्या गड्याच्या या खेळाचं नाव 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड'. हडसन सॉफ्ट या कंपनीने तो सप्टेंबर १९८६मध्ये जपानमध्ये निंटेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी आणला. दोन वर्षांनी तो अमेरिकेत गेला आणि पुढे रीतसर व बेरीतसर मार्गांनी जगभर पोचला. त्यात महाराष्ट्रही आला.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' ज्या घरांत होता, त्या घरांतल्या मुलांनी हा खेळ पाहिलेला असण्याची शक्यता दांडगी आहे. निंटेंडोचं अस्सल यंत्र इथे फार थोड्यांनी पाहिलं. बाजारात होत्या त्या फॅमिकॉमच्या नकला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत त्या मिळत. सोबत एक पिवळी नाहीतर काळी 'कॅसेट' यायची आणि तिच्यावर हजारो किंवा लाखो खेळांचा दावा छापलेला असायचा. प्रत्यक्षात तेच दहा-वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा दिलेले असत. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा 'टँक', मोटारींचा 'रोड फायटर' आणि त्या गर्दीत कुठेतरी हा बेटावरचा गडी. मारिओचं नाव सगळ्यांना पाठ झालं. याचं नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही.

खेळाची उपेक्षा झाली ती अशी. लोकांनी तो खेळला, पण त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जुन्या उड्या-मारू खेळांची चर्चा निघाली की 'सुपर मारिओ'वर ग्रंथ लिहिले जातात, सेगाच्या 'सोनिक'वर चित्रपट निघतात आणि 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड'ची बोळवण एका ओळीत होते: मारिओसारखाच, जरा अवघड. 'मारिओसारखाच' हे साफ चुकीचं आहे. 'जरा अवघड' हे फारच सौम्य आहे.

मारिओच्या पडद्यावर वेळेचा काटा असतो, पण तो उदार असतो. मारिओ थांबू शकतो, मागे पाहू शकतो, नळावर उभा राहून पुढची उडी मोजू शकतो. नाणी वेचली तर वेचली, नाहीतर राहिली. 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड'मध्ये पडद्याच्या वर शक्तीची एक पट्टी असते आणि खेळ सुरू झाल्या क्षणापासून ती घटू लागते. शत्रूने स्पर्श न करताही घटते. जागच्या जागी उभं राहिलं तरी घटते. ती भरायची तर फळं खायची. केळं, अननस, जे समोर येईल ते. दुधाची बाटली सापडली तर पट्टी पूर्ण भरते. दगडाला ठेच लागली तर तिचे काही तुकडे एकदम जातात. पट्टी संपली की गडी संपला. थोडक्यात, इथे घड्याळ आणि पोट एकच आहे.

या एका निर्णयाने सगळा खेळ बदलतो. फळ ही शोभेची वस्तू राहत नाही, ती वाट होते. रचनाकाराने फळं जिथे मांडली तिथून खेळणाऱ्याने जावं असा संकेत असतो, आणि त्या संकेतात लबाडीही असते. दरीच्या बरोबर मधे एक फळ लटकलेलं असतं. त्याच्यासाठी उडी घ्यायची तर पलीकडे उतरण्याची जागा अचूक साधायला हवी, आणि तिथे नेमकी एक गोगलगाय बसलेली असते. पट्टी भरलेली असेल तर ते फळ सोडून देता येतं. पट्टी निम्म्यावर असेल तर? अशी लहान लहान कोडी हा खेळ दर काही पावलांवर घालतो आणि विचार करायला उसंत देत नाही, कारण विचार करतानाही पट्टी घटतच असते.

पळण्यातही खुबी आहे. बटण दाबून धरलं की गडी वेगाने धावतो, आणि वेगात घेतलेली उडी अधिक उंच व लांब जाते. पण वेगात असताना पाय चटकन थांबत नाहीत. बेडूक, नाग, वटवाघूळ, कोळी, समुद्रातून वर उसळणारे ऑक्टोपस, उतारावरून गडगडत येणारे धोंडे या सगळ्यांच्या चाली ठरलेल्या असतात. त्यामुळे खेळणाऱ्याला हळूहळू एक ताल सापडतो. कुऱ्हाड सरळ रेषेत जात नाही, कमानीत जाऊन खाली पडते. शत्रू किती लांब असताना फेकायची हे हाताला शिकावं लागतं. ज्याला हा ताल साधला तो पहिल्या काही टप्प्यांत न थांबता पळत जातो, आणि त्या धावण्यात जी मजा आहे ती त्या काळच्या फार थोड्या खेळांत आहे.

मग येतो स्केटबोर्ड. त्यावर चढलं की थांबणं बंद. वेग कमी-जास्त करता येतो, पण पुढे जाणं अटळ. बदल्यात एक सवलत मिळते. एकदा धडकलं तर बोर्ड जातो, गडी वाचतो. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर 'सबवे सर्फर्स' खेळणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. आपोआप पुढे धावणारा पोरगा, पायाखाली फळी आणि त्या फळीमुळे माफ होणारी एक धडक. तो खेळ २०१२चा आहे. 'सबवे सर्फर्स'ने ही कल्पना इथून उचलली असं म्हणायचं नाही, तशी गरजही नाही. पण न थांबणाऱ्या धावपटूंच्या खेळांचा इतिहास सांगताना लोक २००९च्या 'कॅनाबाल्ट'पासून सुरुवात करतात, तेव्हा त्याआधीची तेवीस वर्षं गिळून टाकतात.

या रचनेचं श्रेय कुणाचं? इथे प्रकरण गुंतागुंतीचं आहे, आणि खेळ विस्मरणात जाण्याचं अर्धं कारणही इथेच आहे.

मुळात हा खेळ हडसनचा नाहीच. र्‍युइची निशिझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एस्केप नावाची छोटी कंपनी काढली. पुढे ती वेस्टोन या नावाने ओळखली गेली. त्यांनी 'वंडर बॉय' नावाचा खेळ बनवला आणि सेगाने तो त्याच वर्षी आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर आणला. घटणारी पट्टी, फळं, कुऱ्हाड, स्केटबोर्ड हे सगळं तिथलं. पण करार असा होता की 'वंडर बॉय' हे नाव आणि त्यातली पात्रं सेगाची, आणि खेळ स्वतः एस्केपचा. सेगाच्या प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर तोच खेळ न्यायचा तर नाव आणि नायक बदलणं भाग होतं. हडसनने परवाना घेतला, आठ भागांत प्रत्येकी चार अशा बत्तीस फेऱ्या मांडल्या आणि नायकाच्या जागी चक्क आपला एक कर्मचारी उभा केला.

त्या कर्मचाऱ्याचं नाव तोशियुकी ताकाहाशी. हडसन ही होक्काइडोच्या साप्पोरोतली कंपनी. ज्या बर्फाळ शहरात १९७२चं हिवाळी ऑलिंपिक झालं, तिथल्या कंपनीने माडांच्या बेटावर नाव कमवावं हीही एक गंमतच. ताकाहाशी कंपनीत प्रसिद्धीचं काम पाहत. हडसन गावोगावी मुलांच्या व्हिडिओ गेम स्पर्धा भरवत असे आणि त्यांत ताकाहाशी व्यासपीठावर खेळून दाखवत. एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती झाली. मुलं त्यांना 'मेइजिन' म्हणू लागली, म्हणजे उस्ताद. नुसत्या बोटांनी ते कलिंगड फोडतात अशी आख्यायिका झाली. बटणाखाली स्प्रिंग लपवली म्हणून त्यांना पोलिसांनी धरलं, अशी खोटी अफवाही जपानभर पसरली. १९८६ साली त्यांच्यावर चित्रपट आला. त्यांना आणि खेळातल्या एका परीला घेऊन दूरचित्रवाणीवर एक कार्टून मालिका चालली. हडसनने बटण किती वेगाने दाबता येतं हे मोजणारं खेळण्यातलं घड्याळही विकलं. आणि याच ताकाहाशींनी मुलांना जाहीरपणे सांगितलं की गेम दिवसातून एकच तास खेळा. गेम विकणाऱ्या कंपनीचा पगारी माणूस हे सांगतो, याची कंपनीत काय प्रतिक्रिया झाली असेल याची कल्पना करायला हरकत नाही.

म्हणून जपानमध्ये या खेळाचं नाव 'ताकाहाशी मेइजिनचं साहसबेट' अशा अर्थाचं आहे. तो तिथे उदंड खपला, आणि खपला तो उस्तादांच्या चेहऱ्यावर. विनोद असा की सेकंदाला सोळा दाबांच्या कसबाला या खेळात जवळजवळ कामच नाही. एका वेळी पडद्यावर मोजक्याच कुऱ्हाडी फेकता येतात. इथे बोटांच्या झपाट्यापेक्षा धावण्याचा अंदाज महत्त्वाचा. हडसनने चुकीच्या माणसाला बरोबर खेळात बसवलं, आणि तो खेळ प्रसिद्ध माणसाचा माल म्हणून गणला गेला. अमेरिकेत ताकाहाशींना कुणी ओळखत नव्हतं, तिथे गड्याचं नाव 'मास्टर हिगिन्स' ठेवलं. म्हणजे तिथे तर उस्तादांची पुण्याईही कामी आली नाही.

सेगाचे चाहते याला 'वंडर बॉय'ची नक्कल म्हणतात. निंटेंडोचे चाहते मारिओची नक्कल म्हणतात. दोन घरांत वाटणी झालेल्या मुलाला दोन्ही घरचे परकं समजतात, तशातली गत. त्यातही एक फरक निंटेंडोवाल्यांच्या बाजूने नोंदवायला हवा. हडसनच्या आवृत्तीचं संगीत वेगळं आहे, आणि ते जुन चिकुमा यांचं आहे. 'बॉम्बरमॅन'चं संगीतही त्यांचंच. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी एकाच कॅसेटवर हे दोन्ही खेळ होते, त्यांच्या कानांत एकाच संगीतकाराच्या दोन धुना घर करून आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

खेळाचे दोष लपवण्यात अर्थ नाही. बत्तीस फेऱ्या आहेत, पण देखावे मोजके. जंगल, समुद्र, गुहा, पुन्हा जंगल. पुढच्या भागांत नवं काही सुचण्याऐवजी जुन्याच जागी शत्रूंची गर्दी वाढवली आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी येणारा राक्षस तर कळस आहे. धड तेच, फक्त डोकं दरवेळी नवं. एक डोकं उडालं की खालून पुढचं निघतं आणि तो पळून जातो. एकदा हसू येतं, चौथ्यांदा येत नाही. शिवाय एकदा मेलं की कुऱ्हाड जाते. हत्याराशिवाय मधल्याच खुणेपासून पुन्हा सुरुवात करायची, आणि पुढची काही अंतरं तर हत्यार असतानाही कठीण. ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जबर आहे.

सगळ्यात दुष्टपणा मधमाशीचा. तीन जीव संपले की खेळ पहिल्यापासून. गेम ओव्हरनंतर पुढून चालू ठेवायची सोय आहे, पण ती मिळवण्यासाठी पहिल्याच फेरीच्या शेवटाजवळ लपलेल्या अंड्यातून हडसनचं बोधचिन्ह असलेली मधमाशी घ्यावी लागते. ते अंडं दिसत नाही. जपानी मुलाला ते मासिकांतून कळायचं, अमेरिकन मुलाला मित्रांकडून. आपल्याकडच्या नकली कॅसेटबरोबर पुस्तिका नावाची गोष्टच यायची नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांनी हा खेळ कायम तीन जिवांवर खेळला, आणि पाचव्या-सहाव्या भागापलीकडे बेटावर काय आहे हे त्यांना कधी दिसलंच नाही. एवढा चांगला खेळ शेवटपर्यंत न पाहताच विसरला जातो, यात रचनाकारांच्या लहरीचाही वाटा आहे.

आणि ते बेट? ते कुठलंच नाही. अमेरिकन आवृत्तीत राजकन्येचं नाव 'लेइलानी' हे हवाईचं आहे, घागरा पॉलिनेशियाच्या पोस्टकार्डावरून उचललेला, आणि राजकन्येला पळवणारा खलनायक म्हणजे दुष्ट मांत्रिक. बेटावरची माणसं म्हटलं की बाहेरच्यांना जे चित्र आधी सुचतं, तेच इथे आहे, आणि आज ते खटकतं. एवढं मात्र खरं की बेटाचा उपयोग निव्वळ पडद्यापुरता केलेला नाही. उष्ण कटिबंधातली जमीन सढळ हाताने फळं देते, ही समजूत इथे खेळाचा नियम बनून येते, आणि लगेच उलटवलीही जाते. फळं भरपूर आहेत, तरी गडी सतत उपाशी आहे. बर्फातला किंवा किल्ल्यातला नायक घेऊन हा खेळ इतका नेमका जमला नसता.

पुढे दोन्ही फांद्या वेगळ्या वाढल्या. निशिझावांनी 'वंडर बॉय'ला तलवार, ढाल आणि दुकानं देऊन साहसकथेकडे वळवलं. हडसनने उड्या मारणंच चालू ठेवलं. १९९१च्या दुसऱ्या भागात गड्याला बसायला डायनासोर मिळाले आणि खेळ बराच माणसाळला. १९९२मध्ये सुपर निंटेंडोवर 'सुपर अ‍ॅडव्हेंचर आयलंड' आला, त्याचं संगीत युझो कोशिरो यांचं. जून १९९४मध्ये आलेला चौथा भाग हा जपानमध्ये फॅमिकॉमसाठी अधिकृतपणे निघालेला शेवटचा खेळ ठरला. एका यंत्राच्या अख्ख्या युगावर पडदा टाकण्याचा मान या गड्याला मिळाला, आणि तेही कुणाच्या लक्षात नाही.

नावांचा घोळ तर असा की इतिहासकारानेही हात टेकावेत. 'वंडर बॉय'चा 'ड्रॅगन्स ट्रॅप' हा भाग हडसनने आपल्या पीसी इंजिन यंत्रावर नेला, तेव्हा जपानमध्ये त्याला नाव दिलं 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड'! मूळ 'वंडर बॉय' सेगाच्या हातातल्या गेम गिअरवर अमेरिकेत गेला तेव्हा त्याचं झालं 'रिव्हेंज ऑफ ड्रँकॉन'. 'वंडर बॉय'चा दुसरा भाग ब्राझीलला पोचला तेव्हा त्यात मौरिसियो द सौझा यांच्या कॉमिकमधली मोनिका नायिका झाली. एकच रचना देशोदेशी वेगळ्या नावाने, वेगळ्या चेहऱ्याने फिरत राहिली. कीर्तीला एक पत्ता लागतो, तो या खेळाला कधी मिळाला नाही.

'वंडर बॉय'च्या बाजूचं नशीब अलीकडे उघडलं. वेस्टोन २०१४ साली दिवाळखोरीत गेली, तरी २०१७मध्ये पॅरिसच्या लिझर्डक्यूब स्टुडिओने 'ड्रॅगन्स ट्रॅप' हाताने रंगवलेल्या चित्रांसह नव्याने काढला आणि त्याचं भरपूर कौतुक झालं. नंतर जुन्या 'वंडर बॉय' खेळांचे संचही निघाले. हडसनच्या बाजूला सामसूम आहे. मार्च २०१२मध्ये हडसन कोनामीत विलीन झाली आणि बेटाच्या चाव्या कोनामीकडे गेल्या. त्याआधी निंटेंडोच्या वी यंत्रावर पहिला 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड' पैसे देऊन उतरवता येत होता. ते दुकान जानेवारी २०१९मध्ये बंद झालं.

हे फक्त याच खेळाचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार २०१०च्या आधी तिथे प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे बंद पडलेले खेळ अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. उद्योगाच्या संघटनेने तिला विरोध केला होता. म्हणजे कंपनी विकणार नाही आणि ग्रंथालयाने दाखवायचंही नाही. मग उरतात त्या चोरीच्या प्रती. नव्वदच्या दशकात हा खेळ आपल्याकडे चोरवाटेनेच आला. तीन दशकांनंतर तो पाहायचा तर पुन्हा चोरवाटच धरावी लागावी, ही कोनामीसारख्या श्रीमंत कंपनीला शोभणारी गोष्ट नाही.

कोनामीला हे जमत नाही असंही नाही. २०२०मध्ये तिने पीसी इंजिनचं छोटं रूप बाजारात आणलं, तेव्हा त्यात १९९२चा 'न्यू अ‍ॅडव्हेंचर आयलंड' होता. फॅमिकॉमचे चारही भाग आणि 'सुपर'चे भाग एका संचात आणायचे, मूळ रचनेच्या हक्कदारांशी बोलून निशिझावांचं नाव पहिल्या पडद्यावर ठळक छापायचं, चिकुमांचं संगीत नीट ऐकवायचं, आणि आजच्या मुलांसाठी ती मधमाशी न शोधताही पुढून खेळायची सोय द्यायची. एवढं काम आहे. कोनामीने ते आता हाती घ्यावं.